पंच्याहत्तरवरचे दोन दिवस

लक्षण

बटण दाबलं की पंखा फिरायचा. हिरवा दिवा लागायचा. आत कुठंतरी बारीक घरघर सुरू व्हायची आणि पडदा काळाच राहायचा. सुरुवातीला ‘टुक’ असा एक आवाज यायला हवा, तो येत नव्हता. संगमेश त्या आवाजाची वाट बघायचा, बटण बंद करायचा, मनात दहा आकडे मोजायचा आणि पुन्हा दाबायचा. गुरुवारी संध्याकाळी साडेसहापासून त्याचं हेच चाललं होतं.

खोलीत तो एकटा असता तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे ज्याला शेत आहे तो आणि ज्याला नाही तोही कुणाच्या तरी शेतात जाऊन जेवणार. तिथं न्यायच्या भज्जीसाठी, म्हणजे पिठात शिजवलेल्या दाण्यांच्या भाजीसाठी, आदल्या दिवशी घराघरांत शेंगा सोलायला बसतात. केजच्या त्या घरात ट्यूबलाइट फक्त पुढच्या खोलीत, म्हणजे जिथं कॉम्प्युटर, प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा फळा होता तिथं. त्यामुळं त्याची आई बसम्मा, बायको स्वप्नाली आणि शेजारच्या रुक्मिणीबाई टेबलाच्या पायथ्याशीच परात घेऊन बसल्या होत्या. तुरीचे दाणे, वाटाणे, वालाचे काळे दाणे. वर टेबलावर झाकण काढलेलं मशीन.

त्याला आता काय झालं, असं बसम्मानं विचारलं. साफ करतोय, असं संगमेश म्हणाला.

“पंखा तर चांगला फिरतोय की,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात खाटंपशी ठिवा.”

बायका हसल्या. स्वप्नाली हसली नाही. तिनं मान वर करून एकदाच विचारलं, “माझं आत नीट हाय ना?”

“हाय.”

ती पुन्हा शेंगांकडं वळली.

आत काय होतं

सात प्रकरणं. दोनशे ऐंशी पानं. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मनकर्णा मॅडमचा, तालुक्यातल्या आठवडी बाजारांवरचा पीएचडीचा प्रबंध. एकतीस डिसेंबरपर्यंत तो विद्यापीठात पोचला नाही तर मॅडमची मुदत संपणार होती. आधीच दोनदा वाढवून घेतलेली.

मॅडम आषाढात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दुकान कुणाचं असं विचारलं नव्हतं. टायपिंग करणाऱ्या बाई कुठंयत, असं विचारलं होतं. परळीला लग्नाआधी स्वप्नालीनं मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या, आणि ती प्रमाणपत्रं नऊ वर्षं ट्रंकेत पडून होती. कुणीतरी हे मॅडमना सांगितलं असावं. तेव्हापासून स्वयंपाक उरकून, लाइट असेल तेव्हा, नसेल तर ती येईपर्यंत हस्तलिखितावर खुणा करत, स्वप्नालीनं ते काम ओढत आणलं होतं. शेवटच्या पानावर ‘टंकलेखन : सौ. स्वप्नाली हालगे’ अशी ओळ टाकायची, हे मॅडमनीच सांगितलं होतं. ती ओळ तिनं सगळ्यांत आधी टाइप करून ठेवली होती.

सगळं त्या एका डब्यात होतं. आणखी फ्लॉपी आणा, असं ती तीनदा म्हणाली होती. लातूरला गेलो की बॉक्सच आणतो, असं संगमेश तीनदा म्हणाला होता.

कारण

कारण पुण्यात राहत होतं. त्याचं नाव त्रिंबक. स्वप्नालीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, संगमेशचा साडू, एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा. दिवाळीनंतर एकदा एसटीडीवरून बोलताना त्यानं विचारलं की तुमचं मशीन कितीचं. एकशे सहासष्टचं, असं संगमेशनं सांगितलं. त्यावर साडू हसला होता. तेवढ्याच प्रोसेसरवर आपण दोनशेच्या वर पळवतो म्हणाला. पैसा लागत नाही, मदरबोर्डवर दोन टोप्या असतात, त्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर लावायच्या.

साडूचं हसणं संगमेशच्या मनातून गेलं नाही. आणि दुसरं असं की लाइट दिवसातून दोनदा जायची, कधी तीनदा. असते तेवढ्या वेळात काम संपत नाही, तर निदान मशीन तरी जोरात पळवावं, हा त्याचा हिशोब. यात चूक काय ते त्याला तेव्हा दिसलं नव्हतं.

मशीनच्या पुस्तिकेत बोर्डाच्या वेगांचा आणि खुंट्यांच्या तीन जोड्यांचा तक्ता होता. सहासष्टला, म्हणजे नेहमीच्या वेगाला, पहिल्या दोन जोड्यांवर टोप्या. पंच्याहत्तरला पहिल्या आणि तिसऱ्या. त्र्याऐंशीला फक्त तिसऱ्या जोडीवर, दुसरी टोपी काढून ठेवायची. तक्त्याखाली बारीक अक्षरांत इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. त्या त्यानं वाचल्या नाहीत.

मंगळवारी स्वप्नाली देवळात गेली असताना त्यानं पंच्याहत्तर केलं. मशीन चालू झालं. नुसतं चालू नाही, पान एका दमात खाली सरकायला लागलं. बुधवारी दिवसभर आणि गुरुवारी चारपर्यंत स्वप्नालीनं त्यावर मॅडमच्या लाल पेनाच्या दुरुस्त्या टाकल्या, सातही प्रकरणांत. बुधवारी दुपारी ती म्हणाली होती, “आज लई हलकं चाललंय.” संगमेश नुसता हसला होता. सगळं काम संपल्यावर सांगू, असं त्याच्या मनात होतं.

गुरुवारी चार वाजता लाइट गेली, ती शेंगा आणायला उठली, आणि त्याला वाटलं, एवढं चाललंय तर त्र्याऐंशीही चालेल. साडेसहाला लाइट आली तेव्हा मशीन सुरू झालं नाही.

उपाय एक

त्र्याऐंशी मोडावं.

तिसऱ्या जोडीवरची टोपी पहिल्या जोडीवर आणली. टोपी म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, आत पितळ. दुसरी टोपी त्यानं काढून टेबलाच्या कडेला ठेवली होती. हात घातला तर ती तिथं नव्हती.

टॉर्च लावून त्यानं टेबलाखाली बघितलं. बायकांना पाय मागं घ्यायला सांगितलं. काय सांडलं, असं बसम्मानं विचारलं. स्क्रू, असं तो म्हणाला. रुक्मिणीबाईंनी बसल्या जागी पदर झटकला. स्क्रू सापडला नाही, टोपीही नाही.

एका टोपीवर सुरू होतंय का बघितलं. पंखा, हिरवा दिवा, काळा पडदा.

उपाय दोन

बॅटरी काढणे. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढला की मशीन सगळं विसरतं, असं साडूनं कधीतरी सांगितलं होतं. संगमेशनं सेल काढला, अर्धा तास शर्टाच्या खिशात ठेवला, परत बसवला. मशीन काय विसरलं काय नाही, कळायला मार्ग नव्हता.

उपाय तीन

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासणे. हा उपाय सगळ्या तालुक्यात चालायचा. संगमेशनं घरातलं एकमेव खोडरबर, पेन्सिलीच्या टोकाला असतं तसलं, संपेपर्यंत घासलं.

आठ वाजता परात भरली. बसम्मानं ती उचलून आत नेली. तीसेक जणांचा स्वयंपाक पहाटेपासून लावायचा होता. स्वप्नालीनं जाता जाता विचारलं की उद्या सकाळी थोडा वेळ बसता येईल का, शेवटच्या प्रकरणातल्या तीन तळटीपा राहिल्यात. संगमेशनं सांगितलं की उद्या येळवस आहे, एक दिवस तरी आराम कर. तिला बरं वाटलं असावं. असं काही तो सहसा म्हणत नसे.

उपाय चार, जो बंद होता

शुक्रवारी सकाळी नऊला घरातलं सगळं शेताकडं निघालं. थोरला भाऊ केदारनाथ ट्रॅक्टर घेऊन आला. भज्जीचं पातेलं, आंबिलीचा माठ, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, सतरंज्या. संगमेशनं पोट बिघडल्याचं सांगितलं. बसम्मानं ओवा दिला आणि पोटाला आंबीलच चांगली असते असं बजावून गेली.

मग तो मशीन पोत्यात गुंडाळून सिदूकडं निघाला. सिदू म्हणजे बसस्टँडमागचा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नसे, पण हात स्थिर आणि भीती नाही, हे मोठं. शटर खाली होतं. त्यावर खडूनं लिहिलेलं, ‘येळवशीला’. कुणाच्या शेतात ते लिहिलं नव्हतं. शेजारचं सायकल दुकान बंद, पलीकडची झेरॉक्स बंद, रसवंतीवर कुत्रं झोपलेलं. एक जीप उभी होती, तिच्यात ड्रायव्हरही नव्हता. संगमेशला एकदम थकवा आला. स्कूटरवर पायांशी मशीन, गुडघ्यांनी आवळून धरलेलं, आणि गावात विचारायला माणूस नाही.

घरी येऊन तो टेबलापाशी बसला. आदल्या संध्याकाळचं सगळं त्यानं पुन्हा एकदा ओळीनं आठवलं. इथं मी. इथं पुस्तिका. टोपी काढली, या कडेला ठेवली. कोपर इकडं. मग कोपराखाली काय होतं?

परात होती.

वालाचे दाणे काळे होते.

तो उठला आणि शेताकडं जायला स्कूटरला किक मारली. टोपी कंपनीची असते, कंपनी पुण्यात असते, आणि पुण्याला साडू असतो. दुसरी मिळवायची तर साडूला सांगावं लागेल, असंच त्याला वाटत होतं. निम्म्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आता आईला सांगावं लागणार आहे.

उपाय पाच, भज्जीत

शेतात जेवणं अर्ध्यावर आली होती. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, मधोमध कडब्याची कोप, कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडून चुना लावलेला. घरचे बारा आणि बोलावलेले वीस-एक. त्यात सिदूही, जेवणाची पितळी मांडीवर घेऊन.

“पोट बरं झालं का?” बसम्मानं विचारलं.

संगमेश पातेल्यापाशी उकिडवा बसला आणि उलथन्यानं भज्जी ढवळून बघू लागला. तळाशी वीतभर उरली होती. चण्याच्या पिठात शिजलेले दाणे सगळे एकाच रंगाचे झाले होते. काय शोधतोस, असं आईनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं सांगितलं. कॉम्प्युटरचा एक बारका भाग काल परातीत पडला असावा. काळा असतो. दाताखाली कडक काही आलं तर गिळू नका.

सगळ्यांचे घास थांबले. मग प्रत्येकानं आपापल्या पितळीत बोट फिरवायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्यानं तोंडातला घास हातावर काढून निरखला आणि परत तोंडात टाकला. केदारनाथ म्हणाला की ज्याला सापडेल त्याच्या घरी पुढच्या वर्षी कॉम्प्युटर. कुणीतरी विचारलं, तो विरघळतो का. येळवशीच्या नैवेद्यात यंत्राचा तुकडा शिजला हे बसम्माला कसं घ्यावं ते कळत नव्हतं. तिनं कोपीकडं तोंड करून हात जोडले आणि पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय ते संगमेशला दिसलं नाही.

टोपी सापडली नाही. कुणाच्या तरी पोटात गेली असेल, किंवा कोपीपुढच्या नैवेद्यात.

स्वप्नाली ज्वारीच्या कडेला उभी होती. पुढं येऊन तिनं हळूच विचारलं, “मशीन बंद हाय का?”

“कालपासनं.”

“काल मी विचारलं तवा तुमी हाय म्हणालते.”

“आतलं हाय. डिस्क वेगळी असती. नुसतं सुरू होईना गेलंय.”

“त्या टोपीशिवाय?”

“हां.”

“तसली एक सीडी ड्राइव्हच्या मागं बी हाय,” ती म्हणाली. “झाकण उघडंच असतंय, मी रोज फडक्यानं पुसते ना. काळी, एवढीशी.”

सिदूनं पितळी खाली ठेवली. “मग हितं काय भज्जी ढवळायलास बे?”

संगमेशनं सीडी ड्राइव्हच्या मागं कधी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची असते, तोवर घरच्या सुनेनं शेत सोडू नये, असं बसम्माचं म्हणणं पडलं. स्वप्नालीनं हात धुतले, सासूच्या पाया पडली आणि स्कूटरवर मागं बसली. वाटेत एकदा खड्ड्यात चाक गेलं तेव्हा तिनं त्याचा खांदा धरला आणि लगेच सोडला.

उपाय सहा

गावात अजूनही कुणी नव्हतं. लाइट होती.

स्वप्नालीनं सीडी ड्राइव्हच्या मागची टोपी नखानं काढून त्याच्या तळहातावर ठेवली. संगमेशनं ती दुसऱ्या जोडीवर दाबली. पहिल्या दोन्ही जोड्यांवर टोप्या, तिसरी मोकळी. सहासष्ट. तक्ता त्यानं तीनदा तपासला, या वेळी बोट ठेवून.

बटण.

टुक.

तो खुर्ची ओढून बसला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आकडे मोजले गेले. मग विंडोज यायच्या आधी निळा पडदा आला आणि त्यावर एक पिवळी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकू लागली. मशीन स्वतःची तपासणी करतंय, असं त्यानं सांगितलं. मध्येच बंद झालं की करतं. पट्टी थांबायची, इंग्रजीत काहीतरी विचारायची, तो होय म्हणायचा, पट्टी पुढं सरकायची. पहिल्या चार-पाच वेळा त्यानं प्रश्न वाचले. मग वाचणं सोडलं. असे प्रश्न चाळीसच्या वर आले.

स्वप्नालीनं मागं स्टूल ओढून घेतलं होतं. तिनं चहा केला नाही, साडीही बदलली नाही. पदराला ज्वारीचा तुरा लागलेला तसाच होता.

सव्वा तासानं विंडोज आलं.

निकाल

प्रकरण एक उघडलं. अकरा पानांपर्यंत ठीक. बाराव्या पानाच्या मध्यावर केजच्या मंगळवारच्या बाजाराचं वर्णन तुटलं आणि तिथून पुढं नुसते चौकोन. प्रकरण दोन उघडलंच नाही. तीन उघडलं तर त्यात पाचव्याची पानं शिरलेली आणि मधोमध संगमेशच्या एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेतला मजकूर. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि पुढं पुन्हा चौकोन. चार नाही. पाच नाही. सहाव्याचं पहिलं पान. सात, शेवटचं, उघडलं. सगळं रिकामं होतं आणि अगदी खाली ‘टंकलेखन’ एवढा एकच शब्द राहिला होता.

संगमेश माऊस धरून बसून होता. बंद पडताना डिस्कला धक्का बसला असेल, असं काहीतरी तो म्हणाला. लाइटचा झटका. टोपीचा तर काही संबंध…

“सरका,” स्वप्नाली म्हणाली.

ती खुर्चीत बसली. प्रकरणं उघडायचं तिनं सोडून दिलं आणि फायलींची यादी लावली. प्रत्येक नावापुढं ती शेवटची कधी साठवली त्याची तारीख. ती बोट पडद्यावर ठेवून खाली खाली आली. मग लग्नपत्रिकांची यादी उघडली, मग अर्ज, मग मागच्या वर्षीचं देवस्थानाचं कॅलेंडर. एकेक उघडून बंद केलं. सगळं नीट होतं.

“सोळा आन सतरा,” ती म्हणाली. “जे खराब हाय ते सगळं सोळा-सतराचं. परवाचं आन कालचं. पंधराचं एक बी खराब न्हाई.”

तिनं यादी पुन्हा वर नेली.

“बंद काल साडेसहाला पडलं. बुधवारी सकाळी साठवलेलं कावून खराब व्हावं?”

संगमेश भिंतीवरच्या फळ्याकडं बघत होता. गुलाबी, पिवळे, गणपतीचे नमुने.

“या दोन दिवसांत तुमी काय केलतं?”

मग त्यानं सांगितलं. मंगळवारचं पंच्याहत्तर. साडू. टोप्यांची अदलाबदल. तक्त्याखालच्या बारीक ओळी त्यानं आत्ता, तिच्यासमोर, बोट ठेवून वाचल्या. त्यात लिहिलं होतं की सहासष्टच्या वर गेल्यास डिस्कवर लिहिताना चुका होऊ शकतात. लिहिलेलं लगेच बिघडलेलं दिसत नाही, असं काही तिथं नव्हतं. ते त्याचं त्याला आता कळलं. दोन दिवस ती टाइप करत होती आणि डिस्क चुकीचं लिहीत होती, आणि वरून सगळं पळत होतं.

स्वप्नालीनं हात मांडीवर घेतले. बोटं एकात एक घातली, सोडवली.

“मला वाटलं, माझा हात बसला,” ती म्हणाली.

त्यानं पुस्तिका मिटली.

“बुधवारी मी एकवीस पानं काढली. मला वाटलं, आता आपला हात बसला. मॅडमला सांगणार होते.”

बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. शेतातली माणसं परत येत होती. केदारनाथनं दारातून ओरडून विचारलं की चालू झालं का. चालू झालं, असं संगमेशनं सांगितलं. मग बसम्मा आत आली, रिकामा माठ घेऊन. पडद्यावर उजेड बघून तिनं समाधानानं मान हलवली आणि मागं गेली.

पुढील कार्यवाही

संगमेशनं ती त्याच संध्याकाळी आखली. हस्तलिखिताचा गठ्ठा शाबूत आहे. दिवस बारा. मी वाचून दाखवतो, तू टाइप कर. लग्नपत्रिका बंद ठेवू. जनरेटर भाड्यानं आणू. सिदूला सांगून पहाटे पहाटे…

स्वप्नाली ऐकत होती. गठ्ठा तिनं मांडीवर घेतला होता आणि लाल दुरुस्त्यांची पानं वेगळी काढत होती. जुनी एक फ्लॉपी ट्रंकेतून निघाली. तिच्यात पहिली दोन प्रकरणं होती, दुरुस्त्यांच्या आधीची. ती तिनं रुमालात बांधली.

“मी उद्या अंबाजोगाईला जाते,” ती म्हणाली. “मॅडमच्या घरी राहते. कॉलेजात कॉम्प्युटर हाय, तिथं बसवतील.”

संगमेशनं मशीनकडं बघितलं. “पर आता हे नीट झालंय. सहासष्टवर हाय. मी हातच लावत न्हाई.”

“व्हय.”

“मग?”

“तिथं कुणीच हात लावत न्हाई,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दिवसभराची दमलेली होती, आणि उद्याची बस सातची होती.

मॅडमला काय सांगायचं, असं त्यानं थोड्या वेळानं विचारलं. ते मी सांगते, ती म्हणाली. मग थांबून म्हणाली की नाही, चिठ्ठी तुम्ही लिहा. काय केलं ते लिहा. साडूचं नाव नको, तुमचंच लिहा.

त्यानं पॅड घेतलं. तारीख लिहिली, ‘स. न. वि. वि.’ लिहिलं. लग्नपत्रिकांची, शोकसंदेशांची, नोकरीच्या अर्जांची शेकडो वाक्यं त्याला तोंडपाठ होती. यातलं एकही कामाचं नव्हतं. चार ओळी व्हायला त्याला तासभर लागला. स्वप्नालीनं त्या वाचल्या, एका जागी ‘चुकून’ असं होतं, तो शब्द खोडला आणि कागद घडी करून गठ्ठ्यात ठेवला.

शनिवार

बसस्टँडवर थंडी होती. गठ्ठा वर रॅकवर ठेवायला कंडक्टरनं हात पुढं केला, तिनं दिला नाही. मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. बारा दिवसांचे कपडे एका पिशवीत मावले होते. संगमेश खिडकीखाली उभा राहिला. सासूबाईंच्या गोळ्या फडताळात डाव्या हाताला आहेत, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगा, एवढं तिनं सांगितलं. तो हो म्हणाला. बस निघाली तेव्हा तिनं मान हलवली. निरोपाची असावी, किंवा थंडीमुळं पदर सारखा करताना हलली असावी.

घरी आला तर सिरसाळ्याहून आलेला एक गृहस्थ ओट्यावर बसलेला. मुलीच्या लग्नाची पत्रिका, दोनशे प्रती, नावं कागदावर लिहून आणलेली. काल येऊन गेलतो, दार बंद होतं, असं तो म्हणाला. संगमेशनं त्याला आत बसवलं. मशीन सुरू केलं. पहिल्या बटणात सुरू झालं.

टायपिंग नेहमी स्वप्नाली करायची. तो रचना करायचा, गणपती लावायचा, प्रिंट काढायचा. कोणतं अक्षर कोणत्या बटणावर आहे ते त्याला शोधावं लागत होतं. वधूच्या आजोबांच्या नावातला एक ‘ज्ञ’ काही केल्या सापडेना. गृहस्थ घड्याळ बघू लागला.

बसम्मा चहा घेऊन आली. कपबशी ठेवून तिथंच थांबली.

“मशीन तर चालू हाय,” ती म्हणाली. “मग ती कावून गेली?”

संगमेशनं बटणांवरची नजर काढली नाही. “तिचं सहा महिन्यांचं काम मी घालवलं, आई.”

“यंत्रानं घालवलं की.”

“न्हाई. मी.”

गृहस्थानं चहाचा घोट घ्यायचा थांबवला. बसम्मा लेकाकडं बघत उभी राहिली, मग रिकामा ट्रे घेऊन मागं निघून गेली. संगमेशनं पुन्हा पहिल्या ओळीतल्या पहिल्या बटणापासून एकेक दाबून बघायला सुरुवात केली.